फेकलेल्या डब्यातलं गाव

पँटची चेन बदलून घ्यायला आलेला तो मुलगा काउंटरवरून वाकून यानिनाच्या स्क्रीनकडे बघत राहिला आणि एकदम म्हणाला, "म्हणजे मला आठवडाभर हाकलणारी ती तू!"

यानिना चपापली. एन्कार्नासिओन शहरात, आईच्या शिवणकामाच्या दुकानात, मशीनच्या टेबलाखालच्या जुन्या कॉम्प्युटरवर ती एका खेळाचा सर्व्हर चालवायची. वस्तीतली पोरं त्यात मिळून एक गाव बांधत होती. खेळात नव्या गोष्टी आणणारे मोड, म्हणजे जोड-फायली, सगळ्यांकडे सारख्याच लागायच्या.

"मी नाही हाकलत हं. तुझे मोड जुळले नाहीत, की सर्व्हरच आत घेत नाही."

"मग जुळवून दे ना... चेनबरोबर."

इतक्या भाबडेपणाने म्हणाला, की तिला हसू आवरेना. त्याचं नाव डेर्लिस. चेन बदलून झाली, मोडही जुळले, तरी तो रोज दुपारी यायचाच. सगळी गल्ली झोपलेली असताना दोघं दारात बसून तेरेरे, म्हणजे पानांचा गार काढा, प्यायची — एकाच पेल्यातून, एकाच नळीने. बडबड्या डेर्लिस मधेच गप्प व्हायचा, काहीतरी सांगायला तोंड उघडायचा, आणि... उकाड्यावर घसरायचा! यानिनाला त्याचा भारी राग यायचा. तो आला नाही, की त्याहून जास्त.

एका शनिवारी तो म्हणाला, "उद्या खेळातल्या नदीवर ये. तुझ्यासाठी काहीतरी केलंय. फक्त तो लांब रात्रीचा मोड घाल, अंधाराशिवाय दिसायचं नाही."

रविवारी सकाळी ती आनंदाने कामाला लागली. सर्व्हर कंटेनरमध्ये, म्हणजे एका बंद डब्यात चालायचा. नवा मोड घालायचा तर जुना डबा फेकून नवा मांडायचा, ही तिची रीत. फक्त गावाचा फोल्डर डब्याबाहेर ठेवून जोडायचा असतो. मागे या कॉम्प्युटरवर सर्व्हर हलवताना नेमकं तेच ती विसरली होती, आणि गाव जुन्या डब्याबरोबरच फेकलं गेलं. नवा डबा उघडला, तर नुसतं मोकळं रान! दुसरी प्रतही नव्हती.

दुपारी डेर्लिस आला. तिने पेला भरून दिला आणि रडवेल्या आवाजात सगळं सांगून टाकलं. त्याने पेला संपवला, परत दिला आणि म्हणाला, "धन्यवाद."

तेरेरे पिताना धन्यवाद म्हणजे पुरे, आता नको. पहिल्याच पेल्याला! तो जायला उठला.

"ओरड माझ्यावर, डेर्लिस. पण असा जाऊ नकोस. काय केलं होतंस रे?"

"कंदील लावले होते... पूलभर. त्यांची अक्षरं होती."

"काय लिहिलं होतंस?"

"अगं, तोंडाने सांगता आलं असतं तर कंदील कशाला लावत बसलो असतो!"

"आता तोंडच उरलंय तुझ्याकडे."

त्याचे कान लालबुंद झाले. "मला... तू आवडतेस, यानी. खूप. त्या चेनच्या दिवसापासून."

यानिनाला खूप आनंद झाला. मग ती हळूच म्हणाली, "पुन्हा सांग."

"आत्ताच सांगितलं ना!"

"एकच प्रत ठेवली की काय होतं, बघितलंस ना? पुन्हा सांग."

त्याने पुन्हा सांगितलं, या वेळी न अडखळता. आणि तिनेही लगेच तेच त्याला सांगितलं.