मावशीचा एक तरी फोटो

पटत नसेल तर सोडून द्या. पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. काकांनी हे मला स्वतःच्या तोंडाने सांगितलंय, आणि त्यांची मुलगी तेव्हा समोर बसली होती.

काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. डोंगरांचे फोटो काढणं हा त्यांचा धंदा. पहाटे पठारावर जायचं आणि सूर्य उगवताना फोटो घ्यायचा. बत्तीस वर्षं मावशी थर्मास आणि ट्रायपॉड सांभाळत त्यांच्या मागे.

आकाशाचे रंग जपायचे म्हणून काका फोटो मुद्दाम काळसर घेत. खालची जमीन काळीठिक्कर पडायची. घरी आल्यावर कॉम्प्युटरवर काळा भाग उजळवणारी शॅडोजची पट्टी ओढली, की त्या काळ्यातून गवत, दगड हळूहळू वर यायचे.

मावशी कॅमेऱ्यापुढच्याच एका सपाट दगडावर बसायची. दर वेळी विचारायची,

"अहो, मी येत नाहीये ना फोटोत?"

"नाही गं. बस तिथेच."

येत होती. पण तेवढा कोपरा काका काळाच ठेवायचे. कशाला सांगायचं!

मग मावशी गेली. आठवड्याभराच्या आजारात गेली.

सोळाव्या दिवशी मुलगी म्हणाली, "बाबा, भिंतीवर लावायला आईचा एक फोटो द्या."

काका शोधायला बसले. हजारो फोटो... आणि तिचा एकही नाही. ओळखपत्रावर होता, त्यात अर्धा चेहरा शिक्क्याखाली. कुणी मोबाइल धरला, तरी मावशी आपसूक बाजूला व्हायची. सवयच लावली होती तिला. मला अजून संताप येतो.

मग काकांना दगड आठवला. ती तर प्रत्येक फोटोत होती, फक्त काळ्यात होती.

भर दुपारी त्यांनी जुनी फाइल उघडली. पट्टी ओढली.

गवत वर आलं. दगड वर आला. दगडावर थर्मास. दोन कप... एकातून वाफ निघत होती.

मावशी नव्हती.

दुसरी फाइल. दहावी. चाळिसावी. प्रत्येक फोटोत थर्मास, कप, पायाखाली दबलेलं गवत...

आणि बसायची जागा रिकामी.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते एकटेच पठारावर गेले. जाऊन काय करणार, ते त्यांनाही माहीत नव्हतं. ट्रायपॉड लावला. वारा नव्हता. एकाही पाखराचा आवाज नव्हता.

नेहमीप्रमाणे उजेडाचा अंदाज घ्यायला त्यांनी फोकस न लावताच एक फोटो घेतला. मग फोकस लावायला खाली वाकले...

समोरून आवाज आला. झाकण फिरवल्याचा.

थर्मास त्यांनी आणलाच नव्हता.

"अहो... मी येत नाहीये ना फोटोत?"

डोळा कॅमेऱ्याला होता. बोट बटणावर होतं. आणि बत्तीस वर्षं जिभेवर बसलेलं उत्तर तोंडून निघून गेलं.

"नाही गं. बस तिथेच."

बटण दाबलं गेलं. दोनदा.

मग कुठे त्यांना कळलं, आपण कुणाला उत्तर दिलं. त्यांनी मान वर केली. दगड रिकामा होता.

घरी आल्यावर मुलीला शेजारी बसवून त्यांनी तिन्ही फोटो उघडले. पहिल्याची पट्टी ओढली...

दगडावर मावशी. थेट कॅमेऱ्याकडे बघत.

पण हा तो फोकस नसलेला फोटो. चेहऱ्याच्या जागी नुसता धूसर डाग. काकांनी पट्टी शेवटपर्यंत ओढली, तरी डाग डागच राहिला.

दुसऱ्यात ती उठली होती. पाठमोरी.

तिसऱ्यात अगदी कडेला शालीचं टोक. बाकी नुसता दगड.

"बाबा, ती काही बोलली का?"

काकांनी सांगितलं.

"निदान आता तरी हो म्हणायचं होतंत," ती म्हणाली. "काय जात होतं तुमचं?"

काका अजून रोज पहाटे वर जातात. थर्मास नेतात, दोन कप नेतात, फोकस आधीच लावून ठेवतात. रिकाम्या दगडाकडे बघून पुटपुटतात, "येतेयस गं, येतेयस फोटोत."

कुणी विचारत नाही.

भिंतीवर तो पहिला धूसर फोटो लावलाय. समोरून घेतलेला दुसरा होताच कुठे? गेल्या महिन्यात मी तो पाहिला. मावशी डाव्या बाजूला, चौकटीला अगदी खेटून होती. मला ते विचित्र वाटलं. मुलीला म्हटलं, "जरा मधे घेऊन छापायचा नाही का?"

तिने मान खाली घातली.

"लावला तेव्हा ती मधोमधच होती, ताई."

त्यानंतर मी त्या घरी गेलेले नाही. जायला हवं, कळतंय मला. पण गेले... आणि भिंतीवर नुसता दगड असला तर?