भागीरथीची चौतीस पत्रं

"आई! त्या खोक्याला हात लावू नका, किती वेळा सांगायचं मी?"

निवेदिताचा आवाज एवढा चढला की सोफ्यावर झोपलेली अक्षरा दचकून कुशीवर वळली. डायनिंग टेबलभर प्रबंधाचे कागद पसरले होते आणि त्यांच्या मधोमध सासूबाई, यमुनाबाई, एका झेरॉक्सवर बोट ठेवून बसल्या होत्या.

आजच का? पाच वाजायच्या आत तिला युनिव्हर्सिटीला मेल पाठवायचा होता... संशोधन सोडत असल्याचा. मेल लिहून तयार होता. बटण दाबायचं तेवढं बाकी होतं.

दोन महायुद्धांच्या मधल्या त्या वर्षांत इथे मँचेस्टरच्या आसपासच्या गिरण्या एकामागून एक बंद पडत होत्या आणि तिकडे मुंबईच्या गिरण्या संपाने थंडावल्या होत्या. दोन्हीकडच्या कामगार बायकांवर निवेदिता लिहीत होती. पण शेवटचं प्रकरण अडलं होतं चौतीस पत्रांपाशी. परळच्या गिरणीतल्या भागीरथीने अठ्ठावीस सालच्या संपात, पत्र लिहून देणाऱ्या कुणाकडून लिहवून घेऊन, कोकणात सासूला धाडलेली ती पत्रं मोडी लिपीत होती! पुण्याचे एक काका वाचून देत, त्यांची दृष्टी गेली. मग अक्षरा झाली, नवऱ्याची, शार्दूलची नोकरी बदलली... आणि निवेदिताने आपलं स्वप्न निमूटपणे खोक्यात मिटून ठेवलं. त्यात सासूबाईंचं ते बोलणं! "डॉक्टर झालीस म्हणून पोळ्या गोल येणार आहेत का गं?" ते काळजात रुतून बसलं होतं.

"आई, ऐकताय ना?"

"थांब गं जरा, ओळ चुकेल माझी."

आणि यमुनाबाई संथपणे वाचू लागल्या, "'...संपास चार महिने जाहले. मूल तुम्हांपाशी सुखरूप आहे, म्हणोन माझा पाय मागे सरला नाही. पोरगी रात्री रडल्यास माझे जुने लुगडे उशास द्यावे. आपण नसता तर मी केव्हाच मोडून गेले असते...'"

निवेदिता खुर्चीची पाठ धरून तशीच उभी राहिली. दोन वर्षं मुकी असलेली भागीरथी तिच्या स्वयंपाकघरात बोलत होती!

"तुम्हाला... मोडी येते?"

"वडील कचेरीत दप्तर सांभाळायचे. त्यांच्या मांडीवर बसून शिकले."

"मग कधी बोलला नाहीत!"

"कुणी विचारलंच नाही." यमुनाबाईंनी चष्मा काढला. "लग्नानंतरच्या पंचेचाळीस वर्षांत कुणी नाही. तुझ्या सासऱ्यांनी नाही, शार्दूलने नाही... आणि तूही नाहीस, निवेदिता."

कुठल्या कुठल्या विस्मृत स्त्रिया शोधत आपण वणवण फिरलो, आणि रोज आपल्याला गरम वरणभात वाढणाऱ्या या माउलीला एकदाही विचारलं नाही! निवेदिताला हुंदका आवरेना. ती त्यांच्या पायांशी बसली.

"चुकले मी, आई..."

"मीही चुकले. ते पोळ्यांचं लागलं तुला, कळलं होतं मला. माझं शिक्षण सुटलं ना, तेच सलत होतं बघ कुठेतरी, ते तुझ्यावर निघालं." त्यांनी सुनेचे डोळे पदराने पुसले. "सकाळी शार्दूलला सांगत होतीस, ते ऐकलं. म्हणून तू आंघोळीला गेल्यावर उघडलं खोकं. गेला का तो मेल?"

"नाही अजून."

"मग पुसून टाक. मुदत माग त्यांच्याकडे."

"पण शनिवारी तुम्ही लंडनजवळ हाउन्सलोला निघालात! राजीवमामा, तुमचा सख्खा भाऊ, अकरा वर्षांनी भेटणार, आणि तिथूनच परतीचं विमान..."

यमुनाबाईंनी फोन उचललासुद्धा. "राजीव, मी नाही येत रे. तूच ये एखाद्या रविवारी, वहिनीच्या चकल्या घेऊन. ...अरे, बरी आहे मी! कामावर आहे, कामावर!" फोन ठेवल्यावर मात्र त्या बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

मुदत मिळाली, सोळा दिवसांची. सासू वाचायची, सून टाइप करायची, टेबलाखाली अक्षरा खडूने गिरमिटायची. शार्दूल रोज खिचडी लावायचा.

"तळाला लागली रे," यमुनाबाई म्हणायच्या.

"आई, खायचं असेल तर खा, नाहीतर माझ्यावर प्रबंध लिही," तो म्हणायचा, आणि तिघंही हसायची.

विमानाच्या आदल्या दुपारी चौतिसावं पत्र संपलं. प्रकरण पाठवण्याआधी निवेदिताने पहिलं पान उघडलं.

"आई, इथे लिहिते आहे... मोडी वाचन, सौ. यमुना..."

"थांब." यमुनाबाई किंचित लाजल्या. "यमुना विष्णू केळशीकर असं लिही. माहेरचं. वाचायला त्या नावाने शिकले होते."

निवेदिताने नाव लिहिलं, आणि लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. यमुनाबाईंनी एकेका अक्षरावर बोट ठेवत ते सावकाश वाचलं... मग पुन्हा एकदा वाचलं.