स्वल्प सरक, रघू

बसा जवळ. लाईट आली तरी मधेच कुणी उठायचं नाही.

आमच्या चामराजपेटेतल्या रघुनंदनरावांचं सांगतो. माझ्या चांगल्या ओळखीचे. गेल्या वर्षीची मार्गशीर्ष अमावास्या, शुक्रवार. दिवेलागणीला ते शेजारच्या अहल्याबाईंकडे गेले. एक कॅसेट घ्यायची आणि कोरमंगलातल्या स्टुडिओत पोचवायची, एवढंच काम होतं.

अहल्याबाईंचे यजमान शेषगिरी वारलेले. आमच्या मराठी मंडळाच्या नाटकात राजा म्हणजे शेषगिरी, दुसरं नाव नाही. मत्सरापायी सख्ख्या भावाला मारणाऱ्या राजाची ती जुनी शोकांतिका मंडळानं वर्षानुवर्षं केली. रघुनंदनराव त्यात द्वारपाल. हातात भाला, तोंडी दोन वाक्यं. पण विंगेत उभं राहून राजाची अख्खी भूमिका त्यांनी पाठ केलेली. एकदा शेषगिरी तापानं फणफणले, तेव्हा ह्यांनी राजाची मिशीसुद्धा चिकटवली होती. तिसऱ्या घंटेआधी शेषगिरी हजर! हसून म्हणाले, "स्वल्प सरक, रघू," आणि आरशासमोर बसले. ते हसणं रघुनंदनरावांच्या काळजात रुतलं ते रुतलंच.

तेच नाटक आता टीव्हीवर येणार होतं. शेवटी पडद्यावर नुसतं रिकामं सिंहासन, आणि मेलेल्या भावाला हाक मारणारा राजाचा आवाज. दिग्दर्शक पुण्याचा, अभिजीत नावाचा तरुण पोरगा. शेषगिरींची ख्याती त्याच्या कानावर गेलेली. त्याला तो आवाज त्यांचाच हवा होता. आणि त्या आवाजाची कॅसेट एकच.

"जपून न्या हं, रघूअण्णा," अहल्याबाई म्हणाल्या. "यांचा आवाज एवढाच उरलाय. तिन्हीसांजेला लावून बसते मी."

"सरी, बरं वहिनी. काळजी नको."

ऑटोत बसले. कॅसेट खिशात, आणि डोक्यात एकच. मेला तरी हाच! माझा गळा जिवंत आहे, तरी हाच!

मोठ्या नाल्याच्या पुलावर ऑटो गर्दीत अडकला. खाली काळं पाणी. रघुनंदनरावांनी खिशात हात घातला, बाहेर काढला, आणि कठड्यापलीकडे मोकळा केला.

"एनु बित्तु, सार?" ड्रायव्हरनं मागं वळून विचारलं, काय पडलं म्हणून.

"काही नाही. चला."

स्टुडिओत त्यांनी अभिजीतला सांगून टाकलं, टेपला बुरशी लागलीय, वाजतच नाही. "पण मला सगळं पाठ आहे. म्हणून दाखवू?"

अभिजीत हिरमुसला. "ओके काका. ट्राय तर करू."

रेकॉर्डिंगची खोली लहानशी. एक माइक, एक बाकडं, कानाला हेडफोन. समोर जाड काच, काचेपलीकडे अभिजीत. दार मिटलं, तसा बाहेरचा आवाज तुटला. रघुनंदनरावांची छाती भरून आली. आज राजा मी.

सुरुवात झाली. गळा छान लागला. मग ते वाक्य आलं.

"ये, भावा. तुझी जागा मी घेतली नाही. राखून ठेवली आहे."

हेडफोनमध्ये कुणीतरी श्वास घेतला.

ते थांबले. स्वतःचा श्वास रोखून पाहिला. दुसरा चालूच होता... सावकाश. अगदी कानाशी.

मान वळेना.

"स्वल्प सरक, रघू."

पोरांनो... ते सरकले. जन्माची सवय. बाकड्यावर सरकले, आणि शेजारी बाकडं करकरलं.

मग राजा बोलू लागला.

रघुनंदनरावांचे ओठ मिटलेले. दातखीळ बसलेली. राजा बोलतच होता... शेवटच्या शब्दापर्यंत.

मग शांत.

काचेपलीकडे अभिजीत अंगठा उंच करून हसत होता. हेडफोनमध्ये त्याचा आवाज आला, "कमाल काका! तुमचा आवाजच बदलला!"

त्याच रात्री ते माझ्याकडे आले. सगळं सांगितलं. मी म्हटलं, "वहिनींना सांगून मोकळे व्हा." म्हणाले, "उद्या सांगतो." तो उद्या काही उजाडला नाही.

संक्रांतीच्या सुमारास नाटक टीव्हीवर लागलं. दुसऱ्या दिवशी अहल्याबाई वाटीत तिळगूळ घेऊन त्यांच्या दारात. डोळे भरलेले. "अगदी यांचाच आवाज! तुमचे उपकार फेडायचे कसे, अण्णा? कॅसेट तेवढी कधी परत आणता? घर फार मुकं झालंय."

रघुनंदनरावांनी सांगायला तोंड उघडलं.

आवाज फुटेना.

आजपर्यंत फुटलेला नाही. डॉक्टर म्हणतात, गळा साफ आहे.

आणि ती खोली... अभिजीतनं तिला कुलूप घातलंय. मी एकदा मुद्दाम गेलो होतो. आत अंधार. एसी बंद. बाकडं रिकामं. काचेला नाक लावून पाहिलं.

काचेच्या आतल्या बाजूला वाफ धरली होती. माणसाच्या तोंडाएवढी.

विरली...

पुन्हा धरली.