द्वारकामावशींचं गोत

द्वारकामावशींच्या कपाटात त्या सकाळी पुन्हा मऊ भाताचे तांदूळ आले आणि मागोमाग पाठ टेकायची हवेची गादी.

"ऋजू, मी काय अंथरुणाला खिळले आहे का गं?" नुकत्याच चार जिने चढून, देवाला फुलं घेऊन आलेल्या मावशींनी भाचीला विचारलं. "आणि माझा कॉफीचा डबा कुठे गेला?"

ऋजुताला हसू आलं, पण ते आवरून ती कपाटापाशी गेली. सांगलीतली दुकानं बंद होऊन एक पिढी सरली होती. आता घरोघरी भरणकपाट होतं. मागच्या नळीतून सामान आपोआप येई, लागेनासं झालेलं परत जाई. कुणाला काय लागेल, हे त्याचं 'गोत' ठरवी. हे गोत रक्ताचं नव्हे. ज्यांच्या खाण्यावापरण्याच्या सवयी जुळतात, अशा माणसांचा तो गट. आणि ही गोतं कोणत्या रीतीने पाडायची, ते ठरवणं हेच संख्याशास्त्रज्ञ ऋजुताचं काम.

"तू मावळत्या गोतात पडलीस, मावशी. शेवटच्या आजारातली माणसं असतात त्यात. जेवण एकवेळ, कांदा-लसूण बंद, कॉफीला महिनाभर हात नाही. हे काय चालवलंयस?"

"चातुर्मास आहे. नेम धरलाय."

"यंत्राला कसं कळावं ते?"

"यंत्राचं सोड. तुला तरी कुठे कळलं?"

ऋजुता ओशाळली. "पण कॉफी सोडलीच आहेस, तर डबा गेला म्हणून काय बिघडलं?"

"अगं, डबा समोर हवा. सकाळी त्याचा वास यावा, हात पुढे जावा आणि मी तो मागे घ्यावा. तेवढंच तर माझं. घरात नसलेली कॉफी सोडली, हे कुठल्या तोंडाने देवाला सांगू?"

मावशी आवाज चढवत नसत. म्हणूनच ते लागलं.

"चूक रीतीची आहे," ऋजुता म्हणाली. "असं बघ, आठ पंगती आधीच मांडून ठेवल्या आणि येईल त्याला जवळच्या पंगतीत बसवलं, तर कुणी ना कुणी भलत्याच पानावर बसणार. आमची केंद्र-रीत तशी आहे. गोतं किती ते आधी ठरतं, मग जो तो जवळच्या केंद्रात ढकलला जातो. दुसरी आहे दाटी-रीत. तिच्यात पंगत मांडायचीच नाही. माणसं आपली आपण कुठे घोळक्याने उभी आहेत, ते बघायचं. जिथे दाटी, तिथे गोत. एकटा उभा असेल, तो सुटा."

"मग मला सुटी कर. माझा डबा मला मिळू दे."

ऋजुताने बैठकीत दाटी-रीत सुचवली, तेव्हा विभागप्रमुख तळवलकरांनी भुवया उंचावल्या. "सुट्यांची कपाटं कोण भरणार, बाई?"

"ते मागतील, सर. तोंड आहे त्यांना."

ऋजुताने आकडे मांडले. दाटी-रीतीत भलत्या गोतातली माणसं जवळजवळ उरतच नव्हती. कुणालाच खोट काढता आली नाही. नवी रीत राज्यभर लागू झाली.

आश्विनातल्या एका सकाळी मावशींचं कपाट उघडलं. मऊ भाताचे तांदूळ गेले होते. वरीचे आले होते, राजगिरा आला होता, फुलवाती होत्या, अगदी मावशींना आवडतं तेच चंदनाचं खोड होतं.

कॉफीचा डबा नव्हता.

"नमस्कार, द्वारकाबाई," कपाट मृदू आवाजात म्हणालं. "आपला नेम निर्विघ्न पार पडावा म्हणून कॉफी दूर ठेवली आहे. कार्तिकात उद्यापनाला येईल. आणि गूळ आतापासूनच कमी करत आणू का? पुढच्या चातुर्मासात आपण गूळ सोडणार आहात."

मावशी पाटावर बसल्या.

"काल दिवा लावताना मनात आलं होतं," त्या म्हणाल्या. "गुळाचं. अजून देवापाशीसुद्धा बोलले नव्हते."

ऋजुताने घाईघाईने हिशेब उघडला. मावशी सुट्या नव्हत्याच. राज्यभरातल्या हजारो बायका अशाच एकवेळ जेवत, असंच कुणाला न सांगता आवडतं काही सोडत होत्या. यंत्राला सापडलेलं सगळ्यात दाट गोत त्यांचंच होतं. या गोतात जिने कॉफी सोडली, ती पुढच्या वर्षी बहुधा गूळच सोडी.

"बरोबर ओळखलं तुला," ऋजुता हळूच म्हणाली.

"ते कळलं. आता चूक कुठे आहे ती दाखव, म्हणजे मला तिच्यावर रागावता येईल."

ऋजुता संध्याकाळपर्यंत शोधत राहिली. एकही चूक नव्हती.

दिवेलागणीला मावशी उठल्या. कपाटापाशी जाऊन त्यांनी सवयीने डब्याच्या जागेकडे हात नेला, आणि मागे कशावरून घ्यायचा ते न कळून तो तसाच राहिला.