डावीकडचा शॉकअप

ही गोष्ट खरी आहे. कोणी विश्वास ठेवावा म्हणून मी हातापाया पडणार नाही. पण जिच्या बाबतीत ती घडली ती माझी सख्खी मावशी आहे, आणि थापा मारायला तिच्याकडे वेळच नसतो.

रात्र नव्हती. टळटळीत दुपार होती.

मावशी जनावरांची डॉक्टर. अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालणारी बाई. त्या दिवसांत गाई विण्याचा हंगाम चालू होता. झोप अशी नव्हतीच. उभ्या उभ्या डुलकी, गाडीत बसून डुलकी, की पुन्हा फोन.

तिची गाडी म्हणजे 'म्हातारी'. चौकोनी, कापडी छताची, डोंगरातल्या कच्च्या वाटांसाठी बनवलेली आणि वयाने मावशीपेक्षाही मोठी. काका, म्हणजे मावशीचा नवरा, म्हणायचे, "माझ्या घरी दोन म्हाताऱ्या. अंगणातली निदान चावी काढली की गप्प बसते."

तर या म्हातारीच्या पुढच्या चाकांचे, धक्के झेलणारे शॉकअप गेले होते. एका खड्ड्यातून गेली की कितीतरी वेळ मान हलवत राहायची. मावशीच्या कंबरेचा पार भुगा झाला. शेवटी वेळ काढून ती मिस्त्रीकडे गेली.

मिस्त्रीने दोन जोड्या समोर ठेवल्या.

"हे तेलाचे. मऊ. खुर्चीत बसल्यासारखं वाटेल, पण वळणावर गाडी झुकेल. हे गॅसचे. कडक. गाडी एकदा दबली की तिथेच थांबणार, डुलणार नाही."

"दगडावरून जाताना चाक खाली लोंबतं. तेव्हा लांबी पुरेल का?"

"पुरेल. मापून मागवलेत."

"मग कडकच द्या. मला डुलणं नको आता."

जुने काढले. उजवा दाबून पाहिला, तर त्यात थोडी धुगधुगी होती. डावा मात्र हाताने दाबताच सरळ आत गेला. काही जीवच नव्हता त्यात.

"तुमच्या शेजारी कोण बसतं, डॉक्टरीणबाई?"

"कोणी नाही. एकटीच असते मी. बॅगसुद्धा मागे."

"मग रस्त्याचीच डावी बाजू वाईट असणार," मिस्त्री म्हणाला आणि पाना शोधायला लागला.

मावशीनेही तो विषय तिथेच सोडला.

नव्या शॉकअपवर म्हातारी तरुण झाली. मावशी खूश होती, म्हणजे थकलेला माणूस होतो तेवढी.

दोन-तीन दिवसांनी ती डोंगरावरच्या गोठ्याकडे निघाली. वाटेत चढाच्या आधी एक जुना बसथांबा लागतो. तिथे आता बस येत नाही. पत्रा उडालाय, बाक मोडलाय. नेमका तिथे फोन वाजला. मावशीने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि बोलली. "येतेय, निघालेय, तिला पाणी द्या." फोन ठेवला.

वारा नव्हता.

पुढेमागे कोणी नव्हतं.

आणि... गाडीची डावी बाजू खाली गेली.

एकदाच. हळूच. आणि तिथेच थांबली.

मावशीला वाटलं, चाक बसलं. वैतागून उतरली, फिरून डावीकडे गेली. चाकाला लाथ मारून पाहिली. चाक टणक होतं. खाली वाकून स्प्रिंगचे पाटे पाहिले. तेही धड होते. डावीकडचं दार लावलेलंच होतं. त्या दाराची कडी अशी गंजलेली, की उघडताना आख्खा रस्ता ऐकेल.

तिने काहीच ऐकलं नव्हतं.

ती परत आली आणि आपल्या जागेवर बसली. तिच्या वजनाने उजवी बाजू खाली गेली...

एकदाच. हळूच. आणि तिथेच थांबली.

तेव्हा तिला कळलं.

मावशी म्हणते, "अंगावर काटा आला, पण तिकडे गाय अडलेली. मी काय करू? पळून जाऊ म्हटलं तर गाडी तीच."

तिने इंजिन चालू केलं. डावीकडे पाहिलं नाही. पूर्ण चढभर पाहिलं नाही. वळणावर मात्र तिला जाणवत होतं... शेजारचं वजन आतल्या बाजूला कलतंय. वळण संपलं की परत सावरतंय.

गोठ्यापाशी पोचून तिने चावी काढली. समोर बघतच म्हणाली, "हे बघ, मला इथे उशीर होणार आहे. थांबायचं तर थांब, उतरायचं तर उतर."

काही हललं नाही.

वासरू जगलं. हात धुऊन मावशी बाहेर आली तेव्हा ऊन कललं होतं. म्हातारी सपाट अंगणात उभी होती, डावीकडे किंचित झुकलेली.

दुसऱ्या दिवशी ती सरळ मिस्त्रीकडे गेली. एवढंच म्हणाली, "डावीकडे दबतेय." गाडी खालून तपासायला गॅरेजात खड्डा होता; मिस्त्रीने गाडी त्यावर घेतली आणि खाली उतरला. मावशी दारात चहा घेत उभी होती. गॅरेजमध्ये तिसरं कोणी नव्हतं.

थोड्या वेळाने खालून आवाज आला.

"डॉक्टरीणबाई, मी खाली आहे ना! गाडीत चढउतर कशाला करताय?"

मावशी दारातूनच बोलली. "मी इकडे आहे, मिस्त्री."

खालची ठोकाठोक थांबली.

मिस्त्री बाहेर आला. गाडीकडे न बघता त्याने हात पुसले.

"आत्ता वर उचलली गेली होती," तो म्हणाला. "मग परत दबली. जणू कोणी... कूस बदलली."

मावशी स्टुलावर बसली. अजून तीन गोठे बाकी होते. गाडी विकायची तर दुसरी आणायची कुठून, आणि डोंगरावर जाणार कशी? आणि ते पाठोपाठ नव्या गाडीत आलं तर?

"ते मऊवाले आहेत अजून?"

"आहेत."

"ते बसवा. गाडी डुलली तरी चालेल. डुलण्यात मला काही कळायला नको."

मिस्त्रीने बसवून दिले.

याला आता वर्ष होऊन गेलं. त्या बसथांब्यापाशी मावशीने चौकशी केली नाही. कोणी करायला लागलं तर तिला आवडतही नाही. "कळून काय करू?" म्हणते. "कामं थोडी आहेत का?"

मागच्या आठवड्यात काकांना दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. ते नेहमीसारखे पुढचं दार उघडायला गेले.

"अहो, मागे बसा."

"का गं? पुढे तर मोकळंच आहे."

मावशीने जांभई दिली. "बसा ना मागे."

तिच्या आवाजात काहीतरी होतं. काका निमूट मागे बसले. गाडी निघाली. काकांच्या समोर डावीकडची सीट रिकामी होती, अगदी रिकामी. ऊन पडलं होतं तिच्यावर.

कोपऱ्यावर गाडी वळवायची होती. डावीकडचा आरसा बघायला मावशीने मान वळवली...

आणि स्टिअरिंगवर पार पुढे वाकली. मधे कोणी बसलेलं असलं, की त्याच्यापलीकडचं बघायला आपण वाकतो ना, तशी.