पायवाली अक्षरं

बारामतीतल्या त्या फ्लेक्सच्या दुकानात विशाल शिरला तो अवकाळी सर चुकवायला. सर थांबली, पण हा काही उठेना. कारण तिथं डिझाइन करणारी उत्कर्षा बोलत होती... आणि तेही अक्षरांवर!

“हे बघा, जाड-बारीक अंग अन् टोकाला इवलेसे पाय. सेरिफ म्हणतात याला. पुस्तकं यातच छापतात. पायांमुळं अक्षर ओळीवर ठाम उभं राहतं.”

“मग बाकीची काय लंगडी?”

“बाकीची ओरडतात. हे बोलतं.”

ओल्या केसांतून पाणी निथळत होतं, त्याचं त्याला भान नव्हतं. “मग आमच्या आबांच्या पंचाहत्तरीचा बोर्ड... म्हंजे... तुमी म्हणाल तसा.”

पांढऱ्यावर काळी पायवाली अक्षरं अन् गेणबा आबांचा फोटो, असा बोर्ड डाळजच्या फाट्यावर चढला, आणि गोंधळ उडाला. त्या भागात अक्षराचं हे वळण आजवर एकाच कामाला लागायचं — भावपूर्ण श्रद्धांजलीला! मजकूर वाचतो कोण? अक्षर लांबूनच ओळखीचं. सोलापूरकडं जाणाऱ्या एसटीचा कंडक्टर खाली उतरून टोपी काढून उभा राहिला. भिगवणच्या मासळी विकणाऱ्या बायका टोपल्या टाकून रडत आल्या. आबा ओट्यावर दात घासत होते, तर एका पाव्हण्यानं त्यांनाच हळूच विचारलं, “कधी नेणार?”

दुपारी दुकानाचे मालक दीपकशेठ उत्कर्षापुढं उभे राहिले. “आबा इकडं यायला निघालेत. खवळले, तर उद्यापासून तू येऊ नकोस.”

तिनं घरात भांडून मिळवलेली ही नोकरी — गेली, तर कुठल्या तोंडानं परत जायचं?

काठी आपटत आबा आत आले. मागं विशाल, मान खाली.

“कुणाचं डोकं हे?”

“माझं...” उत्कर्षा खुर्चीतून उठली.

“न्हाय, माझं!” विशाल पुढं झाला. “आबा, छापायच्या आदीच मला कळलं व्हतं, हे मयताचं अक्षर हाय. तरी गप बसलो.”

“का रं?”

“ह्या त्या पायांबद्दल बोलत व्हत्या... मला न्हायच म्हणवंना.”

उत्कर्षा गर्रकन वळली. “तुम्हाला ठाऊक होतं? माझी नोकरी गेली असती!”

“जाऊ दिली नसती. म्हणून तर आलो...”

आबांनी एकदा नातवाकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं. दोघांच्याही कानांच्या पाळ्या लाल. काठी टेबलाला टेकली. “शेठ, पोरीला कायबी बोलायचं न्हाय. खरं कोण रडलं अन् नुसतं पंचाहत्तरीचं जेवायला कोण आलं, ते जित्तेपणी बघायला मिळालं मला.” मग डोळे बारीक करून ते उत्कर्षाकडं झुकले. “पोरी, ह्याला न्हाय म्हणता येत न्हाय. तुला येतंय?”

“येतं की!”

विशालचा चेहरा खर्रकन उतरला.

“पण...” ती घाईघाईनं स्क्रीनकडं वळली, उगाच माऊस हलवत राहिली, “...आज म्हणायचं नाहीये.”