एका पाटीवर दोघं

शिवम सर शाळेत रुजू व्हायला आले आणि चुकून दुसरीच्या वर्गात शिरले. कोपऱ्यात दोन पोरी एकाच पाटीवर वाकलेल्या, दोघींचे डोळे रडून लाल.

"हे काय चालू हाये, मॅडम?"

"भांडल्या," त्या वर्गाची शिक्षिका प्रियदर्शनी म्हणाली. "आता दोघीत एकच पाटी. जिचं मन दुखलं ती बोलते, जिनं दुखवलं ती लिवते. गणित सुटलं की सुट्टी. गणित बी होते, अबोला बी जाते."

"अन् मास्तर लोकं भांडले तं?"

"त्याइले बी हाच नियम."

"मंग मले तुमच्यासंगं लवकर भांडा लागन..."

प्रियदर्शनी फळ्याकडे वळली. हसू लपवायला दुसरी जागा होती कुठं?

पुढं व्हायचं तेच झालं. मधल्या सुट्टीत एका डब्यातली भाकर, हिवरखेडच्या स्टँडवर मुद्दाम चुकवलेली एसटी, आणि "चहा घेता का—" म्हणताना त्याचं ते अडखळणं! प्रियदर्शनीचा जीव पार जडला. 'घरी विचारतो' म्हणून शिवम गावी गेला, तो परतला मान खाली घालूनच. बौद्धाची लेक सून म्हणून त्या घराला चालणार नव्हती, हे तिला कुणी सांगायची गरजच नव्हती. पण वडलांपुढं, आबांपुढं हा स्वतः काय बोलला? तिला तेवढंच हवं होतं, आणि तेवढंच तो सांगेना.

त्यात पट घसरला म्हणून शाळाच बंद झाली. तिला अमरावतीकडं पाठवलं, त्याला अकोल्यात. शेवटच्या दिवशी बाकं न्यायला टेम्पो आला, तरी हे दोघं दोन खिडक्यांशी तोंडं फिरवून उभे.

मॅडमच्या वर्गातली चिमुरडी आकांक्षा पाटी घेऊन आली. "तुमी भांडले नं? मंग बसा. सर, तुमी लिवा. मॅडम रडल्या व्हत्या."

दोघं पाटीशी बसले.

"आबा नाही म्हणले, ते समजलं मले," प्रियदर्शनी हळूच म्हणाली. "पण तुमी... तुमी काय म्हणले?"

बाहेर टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. शिवमनं खडू उचलला. त्यानं लिहिलं, 'काहीच नाही.'

तिनं ते वाचलं. भांडून हरला असता तर परवडलं असतं! माणूस अजूनही आवडत होता, हीच तर पंचाईत. पण खरं उत्तर लिहिणाऱ्याला तिनं कधी चूक दिली नव्हती.

तिनं खडू घेतला आणि पाटीवर बरोबरची खूण केली.

"सुटलं, सर. जा आता... सुट्टी."